वाचकांचे प्रश्न : फीडिंग कव्हर घरी शिवताना

या वेळी आलेल्या पत्रांमध्ये बाळाला अंगावर पाजताना गळ्यात अडकवायच्या कव्हरविषयीचे प्रश्न बरेच होते. त्यातले निवडक इथे घेतले आहेत.

प्रश्न : बहिणीला सातवा महिना आहे. तिच्यासाठी फीडिंग कव्हर शिवायचं आहे. सरळ टीप मारता येते, पण मापांचा अंदाज येत नाही. कापड कोणतं आणि किती घ्यावं?

उत्तर : ४४ इंच पन्ह्याचं सुती कापड १ मीटर घ्या, त्यात पट्ट्यांसकट सगळं बसतं. कॅम्ब्रिक किंवा पातळ पॉपलिन सर्वांत सोयीचं. एकेरी मलमलीतून आरपार दिसतं, सॅटिन आणि पॉलिएस्टर आत ऊब धरतात, आणि जाड कापडाचा सगळा भार मानेवर येतो. निवड करताना कापडाचा एक पदर तोंडानाकावर धरून श्वास घेऊन बघा. जरा जरी जोर लावावा लागला तर ते कापड नको.

कापण्याआधी कापड धुऊन, वाळवून, इस्त्री करा. सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं आणि ते आटणं शिवल्यानंतर झालं तर वरची कड गोळा होते. आडवा एक धागा ओढून कड सरळ करून घ्या. मग ३८ इंच रुंद आणि २८ इंच लांब असा मुख्य तुकडा कापा, रुंदी पन्ह्याच्या दिशेने. उरलेल्या कापडातून ४ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या निघतील : एक २८ इंचांची, दुसरी ८ इंचांची. चारही बाजूंना १ इंच माया (दुमडून शिवण्यासाठीचं जादा कापड) धरलेली आहे, त्यामुळे तयार कव्हर ३६ बाय २६ इंच होतं. अंगाने भरलेल्या बाईसाठी रुंदी ४२ इंचांपर्यंत वाढवा, त्यासाठी मोठा पन्हा लागेल. लांबी मात्र वाढवू नका. खाली लोंबणारं जादा कापड बाळाच्या पायांत गुंडाळतं.

याशिवाय अर्धा इंच रुंदीचं प्लॅस्टिक बोनिंग (कड ताठ ठेवणारी लवचीक पट्टी) १५ इंच, १ इंची डी आकाराच्या दोन कड्या, आणि जुन्या पण स्वच्छ टॉवेलचा ६ इंची चौकोन एवढंच लागतं.

प्रश्न : आधी काय शिवायचं आणि नंतर काय? दोनदा उसवावं लागलं.

उत्तर : पट्ट्या आधी करून ठेवा, कारण वरची कड शिवताना त्या हाताशी लागतात. पट्टी लांबीत अर्धी दुमडून इस्त्री करा, उघडा, दोन्ही कडा मधल्या घडीपर्यंत आणा आणि पुन्हा दुमडा. चार पदरांची १ इंची पट्टी तयार होते. लांब पट्टीचं एक टोक आधीच अर्धा इंच आत घाला. दोन्ही कडांवरून टीप मारा. आखूड पट्टी दोन्ही कड्यांतून ओवून दुहेरी करा आणि कड्यांच्या अगदी जवळ आडवी टीप द्या. कडीचा सांधा पट्टीच्या घडीत लपेल असा फिरवा. तो बाहेर राहिला तर लांब पट्टी रोज त्यावर घासून तिचे धागे सुटतात.

मग टॉवेलचा चौकोन कर्णावर कापून दोन त्रिकोण करा. तिरप्या कडेला झिगझॅग मारा आणि अर्धा इंच दुमडून टीप द्या. मुख्य तुकड्याच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, उलट बाजूने, त्रिकोण कच्च्या टाक्यांनी अडकवा. बाळाचं तोंड पुसायला ते कामाला येतातच, शिवाय त्यांच्या वजनाने कव्हर वाऱ्याने उडत नाही. आता दोन्ही बाजू आणि खालची कड आधी पाव, मग पाऊण इंच दुमडा. त्रिकोणांच्या कडा या दुमडीत आपोआप अडकतात. इस्त्री करून टीप मारा.

उसवण्याची पाळी येते ती वरच्या कडेला. तिथे पाव आणि पाऊण इंचाच्या घड्या नुसत्या इस्त्रीने पाडून ठेवा, शिवू नका. मध्यावर खडूची खूण करा. तिथून दोन्हीकडे पावणेआठ इंचांवर आणखी एकेक खूण करा. पट्ट्यांच्या आतल्या कडा बरोबर या खुणांवर, पट्ट्यांचा उरलेला भाग खुणेबाहेर, आणि कच्ची टोकं दुमडीच्या आत. दोन्ही खुणांच्या मध्ये बोनिंग ठेवा. टाचण्या लावा आणि दुमडीच्या खालच्या कडेने एका दमात टीप मारा. शेवटी दोन्ही पट्ट्या वर वळवून प्रत्येकीवर चौकोन आणि त्यात फुली अशी टीप द्या. हा चौकोन पट्टीचा ताण पेलतो आणि बोनिंगला बाजूला सरकूही देत नाही. त्याच्यासाठी वेगळी आडवी टीप लागत नाही.

इथे दहाच्या वर पदर एकावर एक येतात. १४ नंबरची सुई काढून १६ नंबरची लावा, टाका थोडा लांब करा, आणि सर्वांत जाड जागी मशीनचं चाक हाताने फिरवा. सुई तुटते ती बहुतेकदा घाईत कापड मागून ओढल्यामुळे.

प्रश्न : शिवलेलं कव्हर दिसायला छान झालं, पण वरची कड अंगाला चिकटून राहते, बाळ दिसतच नाही. चार धुण्यांनंतर बोनिंगचं एक टोकही कापडातून बाहेर आलं. काय चुकलं?

उत्तर : दोन वेगळ्या चुका आहेत. पहिली बाकाची. बोनिंग गुंडाळीतून येतं, त्यामुळे त्याला मुळातच बाक असतो. त्या बाकाची खोलगट बाजू आईकडे हवी, म्हणजे वरची कड धनुष्यासारखी बाहेर फुगते आणि आईला वरून बाळाचा चेहरा दिसतो. तुमचं उलटं बसलं असावं. पट्टीजवळची थोडी टीप उसवा, बोनिंग बाहेर काढा, फिरवा, परत घाला. याच कडेसाठी एवढा खटाटोप करायचा. आईला बाळाचं नाक दिसत नसेल तर कव्हर कितीही सुबक असलं तरी उपयोगाचं नाही.

बाक बरोबर असूनही कड मध्येच खाली पडत असेल, तर बोनिंग फार लवचीक आहे. तेवढ्याच लांबीचे दोन तुकडे एकावर एक घाला. उलट, बाक फार आवळलेला असेल तर सुती कापडाखाली ठेवून कोमट इस्त्री फिरवा. तापलेल्या इस्त्रीने ते आक्रसतं.

दुसरी चूक टोकाची. विणलेल्या प्रकारच्या बोनिंगमध्ये प्लॅस्टिकच्या बारीक काड्या ओळीने असतात. कात्रीने सरळ कापलं की प्रत्येक काडी सुईसारखी टोकदार होते आणि हळूहळू कापड भोसकते. कोपरे गोल कापा, मग टोकावर सुती कापडाचा इंचभर तुकडा दुमडून हाताने घट्ट शिवा. बोनिंग खुणांच्या मधल्या जागेपेक्षा अर्धा इंच आखूड धरलं आहे तेही यासाठीच. कापड नंतर थोडं आटलं तरी टोकावर दाब येत नाही.

बोनिंग न मिळाल्यास रुंद केबल टायचं डोकं कापून टाका आणि टोकं गोल करून तो वापरा. लोखंडी तार गंजते, शिवाय एकदा वाकली की तशीच राहते. पॅकिंगची प्लॅस्टिक पट्टी काही दिवसांत उभी चिरते.

प्रश्न : गळ्यातली पट्टी सारखी सैल होते.

उत्तर : पट्टी दोन्ही कड्यांतून ओवल्यावर परत वळवून पहिल्या कडीवरून आणि दुसऱ्या कडीखालून काढायची असते. ते राहून गेलं असेल. तरीही सरकत असेल तर कडी पट्टीपेक्षा रुंद आहे, किंवा पट्टी गुळगुळीत कापडाची आहे.

प्रश्न : आत बाळाला गुदमरायला होत नाही ना? सासूबाईंना फार काळजी वाटते.

उत्तर : त्यांची काळजी रास्त आहे, आणि शिवणाऱ्यानेही ती करायला हवी. पाजताना नाक मोकळं आहे ना आणि हनुवटी छातीशी दुमडलेली नाही ना, हे मधूनमधून बघत राहा. मानेमागे हात लावून पाहा. घाम आला असेल तर कव्हर बाजूला करा. पाजून झालं की ते गळ्यातून काढून ठेवा. झोपलेल्या बाळावर पांघरूण म्हणून किंवा बाबागाडीवर झाकण म्हणून ते कधीही टाकू नका, आत हवा खेळत नाही आणि ऊब फार पटकन वाढते. गळ्यातल्या पट्टीचा फास होऊ शकतो, तेव्हा पाळण्यात किंवा बाळाच्या हाताशी कव्हर राहू देऊ नका. शोभेची बटणं, मणी, लोंबणारी लेस लावू नका. चार-पाच महिन्यांचं बाळ हाती येईल ते ओढून तोंडात घालतं.

पहिल्या काही आठवड्यांत बाळ स्तन तोंडात नीट धरायला शिकत असतं. तेव्हा घरात कव्हरशिवाय पाजणंच सोपं, कारण दोन्ही हात आणि नजर तिकडेच लागते. बाहेर नेण्याआधी दोन-तीन वेळा घरी घालून पाहा. बाळ पट्टीशी झगडत असेल तर जबरदस्ती नको, आडोसा शोधून तसंच पाजा.

प्रश्न : धुवायचं आणि ठेवायचं कसं?

उत्तर : साध्या पाण्यात, मशीनमध्ये टाकल्यास जाळीच्या पिशवीत. कपडे मऊ करणारं द्रव वापरू नका, त्याने टॉवेलचे त्रिकोण पाणी शोषेनासे होतात. ठेवताना बोनिंगवर घडी पाडू नका. त्याच्या बाकाच्या दिशेनेच सैलसर गुंडाळून पिशवीत ठेवा.