फादर स्टीफन्स गोव्याच्या लोकांना ख्रिस्ताची शिकवण कशी देत?

ओव्यांतून! १५७९ साली हा इंग्रज जेझुइट, म्हणजे येशूसंघ या ख्रिस्ती धर्मसंघाचा पाद्री, गोव्यात उतरला आणि घामाच्या धारा काढणाऱ्या त्या दमट हवेत जवळजवळ ४० वर्षं राहिला, बहुतेक काळ दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागात. कोंकणी आणि मराठी दोन्ही शिकला. लोकांचे कान पुराणाला सरावलेले, म्हणून बायबलची कथा त्याने दहा हजारांवर मराठी ओव्यांत रचली. ते ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूर गावी छापलं, तेही रोमन लिपीत. चर्चमध्ये ते वाचलं जाई. फुलांत मोगरी, सुगंधांत कस्तुरी, तशी भाषांत मराठी, असं त्यात तो म्हणतो. मला हे वाचून दर वेळी भरून येतं. मात्र त्याच साष्टीतली देवळं तो येण्याआधी पोर्तुगीजांनी पाडली होती, हेही विसरू नये.