एफएमआरआय काढून सायकोसिस होणार की नाही हे आधी कळते का?

तुमच्या १९ वर्षांच्या भावाला मनोविकारतज्ज्ञांनी ‘सायकोसिसचा (भास, भ्रम होऊन वास्तवाचे भान सुटण्याच्या अवस्थेचा) धोका असलेला’ म्हटले आहे, आणि मेंदूच्या जोडण्या तपासण्यासाठी एफएमआरआय, म्हणजे मेंदूचे काम टिपणारा एमआरआय, करून घ्यावा का, असे तुम्ही विचारले आहे. मी डॉक्टर नाही. अशा प्रतिमांचे गणिती विश्लेषण करण्याचे काम मात्र काही वर्षे केले आहे. त्या अनुभवावरून सांगतो, या एका कारणासाठी तो करू नये.

‘जोडणी’ या शब्दाने फसगत होते. या यंत्राला मेंदूतल्या तारा दिसत नाहीत. माणूस निवांत पडून असताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण सावकाश कमीजास्त होत असते, आणि ज्या दोन भागांतील चढउतार एकमेकांच्या तालाने चालतात ते जोडलेले आहेत असे आपण धरतो. म्हणजे हाती येतो तो आकडेमोडीने काढलेला सहसंबंध.

तरीही या सहसंबंधांतून खरे काही हाती लागले आहे. उत्तर अमेरिकेतील अनेक केंद्रांनी मिळून केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धोक्याच्या अवस्थेतील २४३ जण आणि १५४ निरोगी व्यक्ती होत्या. मेंदूच्या मध्यभागी असलेल्या, ज्ञानेंद्रियांकडून येणारी बहुतेक माहिती पुढे पाठवणाऱ्या थॅलॅमसची कपाळामागच्या भागाशी व लहान मेंदूशी असलेली जोडणी पहिल्या गटात क्षीण, तर स्पर्श व हालचालींशी संबंधित भागांशी असलेली जोडणी अधिक तीव्र आढळली. ज्यांना पुढे प्रत्यक्ष सायकोसिस झाला त्यांच्यात हा फरक अधिक ठळक होता. पण असे जण होते अवघे २१.

शिवाय हा फरक गटांच्या सरासरीतला आहे. एकेकट्या माणसाचे आकडे पाहिले तर दोन्ही गट एकमेकांत बरेच मिसळलेले दिसतात, आणि तुमच्या भावाचा आकडा कोणत्या गटातला हे मला किंवा कोणालाही खात्रीने सांगता येणार नाही. त्यात डोके किंचित हलले तरी दूरच्या भागांमधील जोडणी आहे त्यापेक्षा कमी दिसते, आणि घाबरलेली मुले यंत्रात हलतातच. केवळ या कारणाने मी कितीतरी प्रतिमा बाजूला ठेवल्या आहेत.

‘धोका’ म्हणजे आजार नव्हे, हेही घरात सर्वांना सांगा. अशा व्यक्तींपैकी साधारण एक चतुर्थांश जणांना तीन वर्षांत सायकोसिस होतो. बाकीच्यांना त्या काळात होत नाही, जरी त्यांच्यापैकी काहींना चिंता किंवा नैराश्याचा त्रास राहतो. म्हणून तज्ज्ञांकडे ठरलेल्या वेळी जाणे, सुचवल्यास बोधात्मक वर्तन उपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारे, बोलण्यातून होणारे उपचार, सीबीटी) घेणे, झोप सांभाळणे आणि गांजापासून पूर्ण दूर राहणे यांवर भर द्या. भावाला आवाज ऐकू येऊ लागले, संशय पक्का होत चालला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याला लगेच दाखवा.

डॉक्टरांनी स्वतःच साधा एमआरआय सांगितला असेल, तर त्याचा हेतू वेगळा असतो. मेंदूत गाठ, दाह यांसारखे दुसरे कारण नाही ना, हे त्यात पाहतात. तो जरूर करून घ्या.