चीट: इंग्रजांनी दिलेलं की आपण दिलेलं?

प्रश्न असा आला आहे: ‘आजी चिटाचं परकर-पोलकं म्हणायची. हे चीट म्हणजे इंग्रजी चिंट्झचा अपभ्रंश का? आणि चीट बरोबर की छीट?’

चीट म्हणजे छापील सुती कापड. अपभ्रंश झालाय खरा, पण उलट्या दिशेने. इंग्रजीतला शेवटचा ‘झ’ हा मुळात अनेकवचनाचा ‘स’. आपल्याकडच्या छींटचं त्यांनी ‘चिंट्स’ केलं आणि पुढे तेच एकवचन समजून बसले. मराठीने तिकडून उसना घेतला असता, तर ती शेपटी थोडी तरी उरली असती. चीट मात्र बिनशेपटीचं. पोर्तुगीजांचं ‘शिता’ आणि फ्रेंचांचं ‘शीत’ हेही तसंच. मूळ ‘चित्र’ या शब्दात शोधायचं की छींट म्हणजे शिंतोड्यात, यावर मतभेद आहेत. ठिपक्याठिपक्यांचं कापड पाहिलं की मला शिंतोडाच पटतो.

फ्रेंचांचा उल्लेख मुद्दाम केला, कारण कापडाबद्दल त्यांनी जपलेली कागदपत्रं फार बोलकी आहेत. फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर जॉर्ज रोक याने १६७८च्या सुमारास अहमदाबाद, बुऱ्हाणपूर आणि सिरोंजच्या छापकामाची तपशीलवार टिपणं काढली. ते हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. बुऱ्हाणपूर म्हणजे आपल्या खानदेशाला लागूनच. त्याहून मजेदार बोलियो नावाच्या दर्यावर्दी अधिकाऱ्याचं. १७३४च्या सुमारास पुदुच्चेरीत त्याने एक कापड डोळ्यांसमोर रंगवून घेतलं आणि टप्प्याटप्प्याला त्याचा तुकडा कापून वहीत लावला. रंग फुटू नये म्हणून कापड हिरडा आणि म्हशीच्या दुधात बुडवायचे, हेही त्यात आहे. ती वही पॅरिसच्या निसर्गेतिहास संग्रहालयात अजून आहे. कोशकाराला आणखी काय हवं! शब्दाशेजारी वस्तूच चिकटवलेली.

आणि बोलियोची ही वही कधीची, तर मायदेशी असलं कापड बंद असतानाची! रेशीम-लोकरवाल्यांचा धंदा बसू नये म्हणून १६८६पासून फ्रान्सने छापील सुती कापडाची आयात, छपाई, वापर, सगळ्यालाच मनाई केली. ती उठली १७५९ साली. दुसऱ्याच वर्षी ओबरकाम्फ नावाच्या कारखानदाराने व्हर्सायजवळच्या झुई गावी ठसे मारायला सुरुवात केली. गंमत म्हणजे असल्या कापडाला तिथे ‘अँदिएन’, म्हणजे हिंदुस्थानी, म्हणत. कापड फ्रान्समधल्या मार्सेयचं असलं तरी नाव हिंदुस्थानीच.

आता चीट की छीट? दोन्ही चालतात. हिंदीचा ‘छ’ जवळचा वाटत असेल त्यांनी छीट लिहावं. मी चीटच लिहितो, माझ्या घरात तेच ऐकलंय. फक्त चिट फंडातल्या ‘चिट’शी याची गल्लत नको. ते चिठ्ठीच्या गोतातलं.