जेमिनिड्स बघायला गच्चीवर गेलो, दोनच दिसल्या!

प्रश्न : मागच्या डिसेंबरात जेमिनिड्स हा उल्कावर्षाव बघायला ठाण्यात बिल्डिंगच्या गच्चीवर मुलांना घेऊन तासभर उभे होतो, तासाला १२०-१५० उल्का पडतात असं वाचलेलं आणि दिसल्या फक्त दोन. दुर्बीण घ्यावी का? यंदा कुठे आणि कधी जाऊ?

उत्तर : दुर्बिणीला पैसे अजिबात घालवू नका, तिच्यातून आकाशाचा इवलासा तुकडा दिसतो आणि उल्का कुठूनही जाते, इथे डोळेच हवेत. तो १५० चा आकडा आकाश पूर्ण काळं आणि मिथुन रास (या उल्का तिच्याच दिशेने येताना दिसतात) थेट डोक्यावर असं धरून काढलेला असतो, ठाण्याच्या उजेडात फक्त एकदम तेजस्वी उल्का उरतात. अंधाऱ्या जागी तासाला ४०-५० दिसल्या तरी मस्तच.

तुमच्याकडून वांगणी जवळ आहे पण तिकडेही आता दिवे वाढलेत, जमलं तर सरळ भंडारदऱ्याला घाटघरच्या बाजूला जा. फक्त टेन्टवाल्याला बुकिंगच्या वेळीच विचारा की रात्री लाइट आणि स्पीकर बंद ठेवणार का, नाहीतर एवढं लांब जाऊन हॅलोजनखाली बसाल. आकाश तपासायचं तर कृत्तिका हा ताऱ्यांचा छोटा पुंजका बघा, सहा तारे सुटे सुटे मोजता आले की जागा चांगली.

मिथुन साडेसातच्या सुमाराला उगवते आणि दोनच्या आसपास माथ्यावर येते, म्हणून खरी मजा मध्यरात्रीनंतर. सतरंजी टाकून आडवे व्हा, कानटोपी-ब्लँकेट हवंच, आणि मोबाइल बॅगेत, कारण डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि एकदा स्क्रीन बघितली की परत पहिल्यापासून.

आणि मुलांना हे नक्की सांगा, बहुतेक उल्कावर्षाव धूमकेतूंच्या धुळीतून होतात, हा मात्र फेथॉन नावाच्या लघुग्रहाचा! तो सापडला १९८३ मध्ये, सूर्याच्या बुधापेक्षाही जवळून जातो, आणि त्याचे वाळूएवढे कण सेकंदाला ३५ किलोमीटरने आपल्या हवेत घुसून जळतात.

तारखेआधी चंद्र बघा. वर्षाव भरात असतो त्या १३-१४ डिसेंबरच्या जवळ दत्तजयंती आली की पौर्णिमेचा चंद्र सगळं धुऊन टाकतो, २०२४ ला तेच झालं. २०२६ ला अमावस्या ८-९ तारखेला आहे, त्यामुळे १३ ला चंद्र अकराच्या आत मावळेल. पुढच्या शनिवारी जाऊ म्हणाल तर तोवर सगळं ओसरलेलं असतं. १३ ला रविवार आहे, सोमवारची शाळा बुडू द्या.