मूठभर नॉर्मनांनी दक्षिण इटली आणि सिसिली घेतली कशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: १०६६ ची इंग्लंडवरची स्वारी समजते, कारण तिथे विल्यमसारखा ड्यूक होता, जहाजं होती, गादीवर सांगायला हक्क होता. पण त्याच काळात दक्षिण इटली आणि सिसिली घेणाऱ्या नॉर्मनांकडे ना राजा ना खजिना. मग त्यांना हे जमलं कसं? ‘व्हायकिंग रक्त’ आणि ‘चिलखती घोडदळ’ ही दोन उत्तरं नेहमीची.

रक्ताचं आधी उरकतो. रोलो या व्हायकिंग सरदाराला उत्तर फ्रान्समधला सेन नदीच्या मुखाजवळचा मुलूख, म्हणजे पुढचं नॉर्मंडी, ९११ च्या सुमारास मिळाला. पुढच्या शंभर वर्षांत त्याच्या माणसांचे वंशज फ्रेंच बोलू लागले, ख्रिस्ती झाले, लढायला घोड्यावर बसू लागले. इटलीत उतरलेल्या नॉर्मनांकडे तर स्वतःचं आरमारच नव्हतं. ते त्यांनी पुढे जिंकलेल्या बंदरांतली जहाजं आणि तिथलेच खलाशी घेऊन उभं केलं. घोडदळाचं म्हणणं खरं आहे, पण त्याने लढाया जिंकल्या जातात, मुलूख टिकत नाही.

माझं मत असं की हे लोक जिंकायला गेलेच नव्हते. ते चाकरीला गेले होते, आणि पगार जमिनीत वसूल करायला शिकले.

१०२० च्या आसपासचा नकाशा पाहा. आपुलिया आणि कलाब्रिया हे दक्षिण टोकाचे प्रांत कॉन्स्टँटिनोपलच्या बायझंटाइन सम्राटाकडे, बेनेव्हेंटो, कापुआ, सालेर्नो इथे आपसांत भांडणारे लोंबार्ड राजे, नेपल्स आणि आमाल्फी जवळपास स्वतंत्र, सिसिलीत मुस्लिम अमीर. प्रत्येकाला शिपाई हवेत. उलट नॉर्मंडीत जमीन थोडी आणि पोरं फार. कोतांतँ भागातल्या टँक्रेड द ओतव्हिल या छोट्या जमीनदाराला दोन बायकांपासून बारा मुलगे होते. त्या वतनाच्या वाटण्या करून कुणाचंच पोट भरलं नसतं.

पहिला पाय रोवला रेनुल्फ या नॉर्मन सरदाराने. १०३० मध्ये नेपल्सचा सत्ताधीश सर्जियस याने त्याला मदतीबद्दल आव्हेर्सा हे ठाणं दिलं, वर बहीणही दिली. ती वारल्यावर हा गडी सर्जियसच्या शत्रूच्या, कापुआच्या गोटात गेला. आव्हेर्सा अर्थातच परत केलं नाही. पुढच्या साठ वर्षांचा सगळा कित्ता इथे दिसतो.

१०३८ मध्ये बायझंटाइन सेनापती मानियाकेसने सिसिलीवर स्वारी केली, तेव्हा टँक्रेडचे थोरले मुलगे त्याच्या पगारावर होते. लुटीच्या वाटणीवरून बिनसलं. त्यांच्याबरोबरच्या आर्दुइन नावाच्या लोंबार्डाला एका घोड्यावरून फटके मारले गेले, असं इतिवृत्तकार सांगतात. पुढे बायझंटाइनांनी याच आर्दुइनला मेल्फीचा ठाणेदार नेमलं! १०४१ मध्ये त्याने मेल्फीचे दरवाजे नॉर्मनांना उघडून दिले. त्या वर्षात त्यांनी शाही फौजांना तीनदा हरवलं.

आता रॉबर्ट गिस्कार. टँक्रेडच्या दुसऱ्या बायकोचा हा थोरला मुलगा १०४० च्या दशकात इटलीत आला, तेव्हा सावत्र भाऊ द्रोगोने त्याला कलाब्रियातली एक ओसाड गढी दाखवून वाटेला लावलं. तिथे त्याचा धंदा काय, तर गुरं पळवणं. त्याची स्तुती लिहायला बसलेला माँते कासिनोच्या मठातला साधू आमातुसही हे लपवत नाही. शेजारच्या बिसिन्यानोचा श्रीमंत पीटर बोलणी करायला आला, तर रॉबर्टने त्याला सरळ उचलून गढीवर नेलं आणि जबर खंडणी घेऊन सोडलं. पुढे ड्यूक झालेल्या माणसाचं हे सुरुवातीचं भांडवल. ‘गिस्कार’ म्हणजे कावेबाज. नाव उगाच पडलं नव्हतं.

असल्या लोकांना हाकलायला पोप नववा लिओ स्वतः फौज घेऊन निघाला. १८ जून १०५३, चिव्हिताते. नॉर्मन उपाशी होते. लोक धान्य देत नव्हते, म्हणून शेतातली कच्ची कणसं विस्तवावर भाजून खात होते. पोपच्या बाजूचे इटालियन पहिल्या हल्ल्यातच पळाले, जर्मन पायदळ मात्र जागेवर कापलं गेलं. पोप हातात आल्यावर विजेत्यांनी काय करावं? गुडघे टेकून क्षमा मागितली. आणि मग त्याला सुमारे नऊ महिने बेनेव्हेंटोत अडकवून ठेवलं. भक्तीही खरी, हिशेबही खरा.

माझ्या मते खरं वळण लढाईचं नाही, १०५९ चं आहे. रोमचे सरदार आणि जर्मन दरबार या दोघांच्या दबावाला तोंड द्यायला दुसऱ्या निकोलस पोपला तलवारी हव्या होत्या. मेल्फीच्या सभेत त्याने रॉबर्टला आपुलिया आणि कलाब्रियाचा ड्यूक केलं, शिवाय ‘भावी’ सिसिलीचाही, जी तोवर घेतलेलीच नव्हती. बदल्यात रॉबर्टने निष्ठेची शपथ घेतली आणि दर बैलजोडीमागे वर्षाला बारा दिनार द्यायचं कबूल केलं. गुरं पळवणारा कायदेशीर मालक झाला.

सिसिलीतही दार आतूनच उघडलं. तिथले दोन अमीर, इब्न अल-थुम्ना आणि इब्न अल-हव्वास, मेहुणे होते आणि हाडवैरीही. थुम्ना हरल्यावर रॉबर्टचा धाकटा भाऊ रॉजर याच्याकडे मदत मागायला आला. मे १०६१ मध्ये मेसिना पडलं. थुम्ना पुढच्याच वर्षी मारला गेला, नॉर्मन राहिले. पालेर्मो जानेवारी १०७२ मध्ये घेतलं आणि शेवटचं नोटो १०९१ मध्ये. म्हणजे तीस वर्षं! ‘झंझावाती विजय’ वगैरे लिहिणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

१०६२-६३ चा, सिसिलीतल्या त्रोइना गावातला हिवाळा तर शरमेचाच. घरांत घुसवलेल्या नॉर्मन शिपायांपासून आपल्या लेकीबाळींना धोका आहे, या भीतीने गावातले ग्रीक ख्रिस्ती उठले आणि आसपासचे मुसलमान त्यांना मिळाले. रॉजर, नवी नवरी ज्युडिथ आणि थोडी माणसं गावाच्या एका कोपऱ्यात चार महिने कोंडली गेली. नवराबायकोत एकच झगा. ज्याला बाहेर पडायचं तो घालायचा. एका चकमकीत रॉजरचा घोडा मेला, तर हा तलवारीने वाट काढून परतला, आणि येताना खोगीर खांद्यावर घेऊन आला. घोडा गेला तरी खोगीर शत्रूला नाही. शेवटी थंडीवर उतारा म्हणून पहारेकरी दारू पिऊन झोपले, त्या रात्री नॉर्मनांनी त्यांना गाठलं.

ही हकिगत रॉजरच्याच आश्रयाला असलेल्या मालातेर्रा या इतिवृत्तकाराची, त्यामुळे मीठ-मसाला असणार. चेरामीच्या लढाईत (१०६३) तो १३६ नॉर्मन घोडेस्वार हजारोंना हरवतात असं लिहितो आणि मदतीला पांढऱ्या घोड्यावर संत जॉर्जही आणतो. असे आकडे पुरावा म्हणून देऊ नयेत. झग्यासारख्या तपशिलावर मी त्यापेक्षा जास्त विश्वास ठेवेन, कारण तो मालकाची गरिबी दाखवतो.

टिकले कसे, हा प्रश्नाचा उरलेला भाग. माणसं थोडी, म्हणून घडी मोडली नाही. पालेर्मोच्या मुसलमानांना धर्म आणि कायदा राखू दिला. कर मात्र बसला, आणि त्याचं नाव जिझियाच, फक्त देणारे आता मुसलमान. रॉजरचा मुलगा दुसरा रॉजर १०३० नंतर बरोबर शंभर वर्षांनी, ११३० च्या नाताळात, पालेर्मोत राजा झाला. त्याच्या दिवाणात अरबी, ग्रीक आणि लॅटिन कागद चालत, आरमाराचा प्रमुख अँटिओकचा जॉर्ज हा ग्रीक ख्रिस्ती, नकाशे करणारा अल-इद्रिसी. या राजाचा लाल रेशमी झगा आज व्हिएन्नात आहे: त्यावर उंटांवर झडप घालणारे सिंह आणि काठाला कुफी या अरबी लिपीत हिजरी ५२८ हे साल.

याला ‘सर्वधर्मसमभाव’ म्हणण्याचा मोह आवरावा. गरज होती तोवर चाललं. दुसऱ्या रॉजरचा नातू दुसरा विल्यम ११८९ मध्ये निपुत्रिक वारला, ११९४ मध्ये राज्य त्याच्या आत्याच्या जर्मन नवऱ्याकडे, सहाव्या हेन्रीकडे गेलं, आणि त्याच हेन्रीच्या मुलाने, दुसऱ्या फ्रेडरिकने, १२२० च्या दशकापासून सिसिलीतल्या बंडखोर मुसलमानांना उचलून आपुलियातल्या लुचेरात नेऊन वसवलं.