'सोरटी सोमनाथ'मधली सोरटी कुठली?

'सोरटी सोमनाथ' या नावातल्या 'सोरटी'चा सोडतीशी, म्हणजे लॉटरीशी काही संबंध आहे का, असं विचारलं आहे. देव नवसाला पावतो, नशीब उघडतो, म्हणून सोरटी, असं एका प्रवचनात सांगितलं गेलं म्हणे.

अजिबात संबंध नाही. हे इतक्यांदा कानावर येतं की आता चीड येते. लॉटरीची सोरट पोर्तुगीजांकडून आलेली आहे. पोर्तुगीज या किनाऱ्याला लागले १४९८ साली. गझनीच्या महमुदाने सोमनाथ लुटला १०२६ साली, आणि तेव्हाही ते देऊळ सोरठातच होतं.

सोरटी म्हणजे सोरठातला, सौराष्ट्रातला. 'सौराष्ट्रे सोमनाथं च' हे स्तोत्र म्हणणाऱ्यांना तरी हे सांगावं लागू नये! प्राकृतात 'राष्ट्र'चं 'रट्ठ' होतं आणि 'औ'चा 'ओ'. सौराष्ट्र, सोरट्ठ, सोरठ. आता याच्या शेजारी महाराष्ट्र, मरहट्ठ, मराठा ठेवून पाहा. सोरठी आणि मराठी सख्ख्या बहिणी आहेत, एकाच 'राष्ट्रा'च्या पोटच्या! सोरठ राग आणि सोरठा छंद हेही त्याच घरचे. आपल्याकडे गावोगाव सोमेश्वर असल्यामुळे प्रभासपाटण या गावच्या या देवाला मुलखाचं नाव जोडावं लागलं, असं माझं ठाम मत आहे.

'सौराष्ट्र म्हणजे सौ राष्ट्रं, शंभर संस्थानं' हेही सोडून द्या. काठेवाडात संस्थानं दोनशेच्या वर होती, तीही फार अलीकडची. जुनागढच्या शिलालेखात रुद्रदामन या शक राजाने इ. स. १५० च्या सुमारास 'सुराष्ट्र' लिहिलं आहे. ग्रीकही 'सिरास्ट्रीनी' म्हणत. शंभराचा मागमूस कुठेही नाही.

खरी गोडी 'सोम'मध्ये आहे. दक्षाच्या सत्तावीस मुली चंद्राला दिलेल्या. तो रमला एकट्या रोहिणीत, म्हणून दक्षाने त्याला क्षयाचा शाप दिला. प्रभासला शिवाची आराधना करून त्याला तेज परत मिळालं, पण पंधरा दिवसांपुरतं. या कथेची एक आवृत्ती महमुदाच्याच पदरी असलेल्या विद्वान अल्‌-बीरुनीने टिपली आहे आणि पुढे त्याने जे लिहिलं त्यावर मी फिदा आहे. चंद्र उगवताना आणि मावळताना भरतीचं पाणी लिंगापर्यंत चढतं, चंद्र डोक्यावर आला की ओसरतं. म्हणजे चंद्र अखंड देवाला स्नान घालतो आहे. सोमाचा नाथ! समुद्रकाठच्या देवळाच्या नावाची याहून नेमकी फोड मला माहीत नाही. नुसतं 'शंकराच्या डोक्यावर चंद्र असतो म्हणून' एवढ्यावर थांबणारे पंडित समुद्राकडे पाठ करून बसले आहेत.

त्याच दरबारातल्या फर्रुखी या फारसी कवीने मात्र सोमनात म्हणजे 'सू-मनात', अरबस्तानातून पळवून आणलेली, इस्लामपूर्व अरबांच्या 'मनात' नावाच्या देवीची मूर्ती, असं ठोकून दिलं. ही व्युत्पत्ती नव्हे, सुलतानाच्या स्वारीला चढवलेला धर्मकार्याचा साज आहे. 'मनात' ही देवी आणि सोमनाथ तर लिंग, एवढाही विचार त्याने केला नाही. तरीही काही इतिहासकार हे मत अल्‌-बीरुनीच्या बरोबरीने मांडतात. एकाने भरती-ओहोटीची वेळ लिहून ठेवली, दुसऱ्याने दोन आवाज जुळवले. दोघांना एका पंक्तीला बसवणं मला मान्य नाही.