ब्लिट्झ न करता महोम्स सहा वेळा सॅक कसा झाला?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सुपर बोल ५९मध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फिया ईगल्सने कॅन्सस सिटी चीफ्सचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) पॅट्रिक महोम्स याच्यावर एकदाही ब्लिट्झ केला नाही, तरी तो सहा वेळा सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकायच्या आधीच पाडला गेला, हे कसं काय? आणि हे इतकं साधं असेल तर बाकीचे संघ तेच का करत नाहीत? शिवाय डिफेन्स चालू असताना नेमकं कुठे बघायचं तेच कळत नाही, अशी तुमची तक्रार आहे.

तक्रार रास्त आहे. टीव्हीचा कॅमेरा चेंडूच्या मागे पळतो आणि डिफेन्सचं निम्मं काम चेंडूपासून पंधरा-वीस यार्ड मागे, चौकटीच्या बाहेर चाललेलं असतं. त्यामुळे घरी बसून बघणाऱ्याला डिफेन्स म्हणजे सॅक, इंटरसेप्शन (समोरच्याचा पास मधेच पकडणं) आणि अंगावर काटा आणणारी टक्कर एवढंच वाटतं. मी गेली बरीच वर्षं ईगल्सच्या बाजूने घसा कोरडा करत आलोय, तेव्हा या उत्तरात थोडा पक्षपात सापडेल. तेवढा सांभाळून घ्या.

आधी ब्लिट्झचं बघू, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. डिफेन्सकडे माणसं अकरा. क्वार्टरबॅकवर धावून जाणारे सहसा चार, उरलेले सात पास अडवायला. पाचवा किंवा सहावा माणूस सोडला की झाला ब्लिट्झ. दिसायला फार झकास, समालोचकही खूश. पण पुढे एक माणूस वाढवला की मागे एक कमी होतो, हा हिशेब कुणाला चुकत नाही. साधारण क्वार्टरबॅक ब्लिट्झ बघून गडबडतो. महोम्सला मात्र जिथून माणूस निघाला तीच जागा मोकळी पडलीय हे दिसतं, आणि धावणारा गडी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत चेंडू तिथे गेलेला असतो. त्याच्यावर ऊठसूट ब्लिट्झ करणं म्हणजे हाताने धोंडा पायावर पाडून घेणं.

मग करायचं काय? याचं उत्तर पहिल्यांदा स्वच्छ दिसलं ते टँपा बे बकनीअर्सच्या दोन सामन्यांत. २०२०च्या नोव्हेंबरमध्ये टँपाने चीफ्सचा रिसीव्हर (पास झेलणारा) टायरिक हिल याला बऱ्याचदा एकट्या कॉर्नरबॅकच्या (रिसीव्हरला अडवणाऱ्या कडेच्या गड्याच्या) भरवशावर सोडलं. हिलने पहिल्याच क्वार्टरमध्ये २०३ यार्ड काढले, सामना संपेपर्यंत २६९. चीफ्स २७-२४ जिंकले. सव्वादोन महिन्यांनी, ७ फेब्रुवारी २०२१ला, तेच दोन संघ सुपर बोलमध्ये समोरासमोर. टँपाचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर (बचावाचे प्रशिक्षक) टॉड बोल्स हे ब्लिट्झचे नादी म्हणून प्रसिद्ध. त्या दिवशी त्यांनी आपला स्वभाव घरी ठेवला. ब्लिट्झ अगदी तुरळक, दोन्ही सेफ्टी (सगळ्यात मागचे बचावपटू) खोल मागे, हिलला ७३ यार्ड आणि चीफ्सला एकही टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपार नेणं) नाही. ३१-९. हेही सांगायला हवं की चीफ्सचे दोन्ही टॅकल (क्वार्टरबॅकला दोन्ही कडांनी राखणारे), एरिक फिशर आणि मिचेल श्वार्ट्झ, दुखापतीमुळे बाहेर होते. महोम्स निम्मा वेळ जीव घेऊन पळतच होता.

दोन सेफ्टी मागे ठेवण्याचा अर्थ क्रिकेट बघणाऱ्याला लगेच कळेल: सीमारेषेवर फील्ड पसरवा, एकेरी धावा हव्या तेवढ्या घेऊ द्या, षटकार मात्र नाही. पाच-सात यार्डांचे पास घ्या, बारा-चौदा प्ले खेळून मैदान पार करा, मधे कुठेतरी चूक कराच. २०१८मध्ये महोम्सने ५० टचडाउन पास टाकल्यावर सगळ्या लीगला याच वाटेने जावं लागलं, आणि त्या वाटेवरचे जुने जाणकार म्हणजे व्हिक फँजिओ, सुपर बोल ५९मधले ईगल्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर.

फँजिओंची गंमत अशी की महोम्सने त्यांनाच आधी भरपूर चोपलंय. २०१९ ते २०२१ ते डेन्व्हर ब्राँकोजचे हेड कोच होते. चीफ्सशी वर्षाला दोन सामने, तीन वर्षांत सहा, सहाही हरले. पद्धत तेव्हाही साधारण हीच होती. त्यामुळे न्यू ऑर्लिन्सला झालेल्या सुपर बोल ५९नंतर ‘फँजिओंनी महोम्सचं कोडं सोडवलं’ असे मथळे आले तेव्हा मला हसू आलं. कोडं त्यांना आधीच ठाऊक होतं. ते सोडवायला लागणारी चार माणसं डेन्व्हरमध्ये तशी नव्हती, आणि स्वतःचा ऑफेन्सही यथातथाच होता.

ही चार माणसं म्हणजेच माझं खरं उत्तर. ९ फेब्रुवारी २०२५ला, त्या सुपर बोलमध्ये, ईगल्सने महोम्सच्या ४२ ड्रॉपबॅकपैकी (पास फेकायला मागे सरकण्यापैकी) एकावरही चारपेक्षा जास्त माणसं सोडली नाहीत आणि तरीही १६ वेळा त्याच्यावर दडपण आणलं. जॉश स्वेटचे अडीच सॅक, मिल्टन विल्यम्सचे दोन. जेलन कार्टरच्या नावावर त्या दिवशी एकही सॅक नाही, पण मधल्या जागेत त्याला धरायला बऱ्याचदा दोन-दोन माणसं लागत होती, म्हणजे इतर तिघांपैकी कुणाला तरी एकट्याशीच झुंजायचं. स्कोअरकार्डात हे काम कुठेच लिहिलेलं नसतं. चीफ्सची पंचाईत आधीपासूनच होती: डाव्या टॅकलच्या जागेवर कुणी टिकेना म्हणून जो थूनी या उत्तम गार्डला (टॅकलच्या आतल्या बाजूच्या गड्याला) तिकडे सरकवलेलं, आणि त्याच्या मूळ जागी माइक कॅलिएंडो. एक भोक बुजवताना दोन जागा हलल्या. ईगल्सने तीच बाजू पोखरली.

आता दुसरी बाजू, मागच्या सात जणांची. क्वार्टरबॅक स्नॅपच्या (चेंडू मागे देऊन प्ले सुरू होण्याच्या) आधी सगळ्यात आधी सेफ्टी बघतो. एक खोल आणि एक पुढे आलेला असेल तर एक अंदाज, दोघे खोल असतील तर दुसरा. फँजिओंचे दोन्ही सेफ्टी, त्या दिवशी रीड ब्लँकनशिप आणि सी. जे. गार्डनर-जॉन्सन, स्नॅप होईपर्यंत जवळपास एकाच खोलीवर, शेजाऱ्यांसारखे निवांत उभे. चेंडू हलला की मग त्यातला एक खाली येतो, किंवा येतच नाही. म्हणजे जे वाचन चेंडू हातात यायच्या आधी उरकायचं ते महोम्सला चेंडू हातात आल्यावर करावं लागतं, आणि त्याच वेळी समोरून स्वेट येतोय. क्वार्टरबॅककडे असतात जेमतेम अडीच-तीन सेकंद. त्यातला अर्धा सेकंद मागच्यांनी खाल्ला की पुढच्या चौघांना तेवढाच पुरतो. मागचे पुढच्यांना वेळ मिळवून देतात आणि पुढचे मागच्यांना, असं हे देणंघेणं आहे. नुसत्या पास रशला किंवा नुसत्या कव्हरेजला श्रेय देणारे लेख म्हणूनच मला अर्धवट वाटतात.

ईगल्सच्या कूपर डिजीनच्या इंटरसेप्शनमध्ये हे सगळं एकत्र दिसतं. दुसरा क्वार्टर, ईगल्सचे १०, चीफ्सचे शून्य. लागोपाठ दोन प्लेमध्ये महोम्स सॅक झालेला, त्यामुळे थर्ड डाउनला, म्हणजे चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात, १६ यार्ड हवेत. पुन्हा चारच जण येतात. महोम्स पॉकेटमधून, म्हणजे आपल्या रक्षकांच्या कोंडाळ्यातून, निघून उजवीकडे पळतो, आणि पळता पळता मैदानाच्या मध्यभागी रिसीव्हर डिआंद्रे हॉपकिन्ससाठी चेंडू फेकतो. असले पास त्याने आयुष्यात शेकड्याने पूर्ण केलेत. पण डिजीन झोनमध्ये होता (एका गड्याऐवजी एक जागा राखत होता), पाठमोरा नव्हता, त्याची नजर पूर्ण वेळ महोम्सवर. मॅन कव्हरेज असतं तर तो कुणाच्या तरी मागे, क्वार्टरबॅककडे पाठ करून धावत असता. चेंडू पकडून ३८ यार्ड पळाला आणि टचडाउन. त्या दिवशी पठ्ठ्याचा बाविसावा वाढदिवस होता. ईगल्सच्याच सेक्वॉन बार्कलीचाही वाढदिवस त्याच तारखेचा, हे आमच्या गल्लीतल्या ईगल्सभक्तांना आता पाठ झालंय. मध्यंतराला २४-०. पहिल्या हाफमध्ये चीफ्सचे सगळे मिळून २३ यार्ड.

शेवटचा आकडा ४०-२२ बघून सामना चुरशीचा झाला असावा असं वाटतं, आणि महोम्सचे २५७ यार्ड व तीन टचडाउनही नीटनेटके दिसतात. त्यावर जाऊ नका, त्यातलं बरंचसं सामना निकालात निघाल्यावरचं आहे.

बाकीचे हे का करत नाहीत, याचं उत्तर चेंडू घेऊन धावण्याच्या खेळात आहे. दोन सेफ्टी खोल ठेवले की लाइनजवळ माणसं उरतात सहा, फार तर सात. अशा वेळी शहाणा ऑफेन्स पास विसरतो आणि चेंडू रनिंग बॅककडे (धावणाऱ्या गड्याकडे) देऊन पाच-पाच यार्ड खात बसतो. मग चिडून सेफ्टी खाली आणावा लागतो, आणि तो खाली आला की वरचं दार उघडं. हे टाळायचं तर सहा जणांनीच धाव अडवायला हवी, म्हणजे मध्ये जॉर्डन डेव्हिससारखा दीडशे किलोचा डोंगर हवा आणि मागे पळणारे लाइनबॅकर (पुढची फळी आणि सेफ्टी यांच्या मधले गडी). झॅक बॉनची गोष्ट इथे येते. न्यू ऑर्लिन्स सेंट्सकडे तो मुख्यतः स्पेशल टीममध्ये (किकच्या वेळच्या संघात) आणि कडेला खेळायचा. ईगल्सने त्याला एका वर्षासाठी ३५ लाख डॉलरला उचललं, या लीगच्या मानाने चिल्लरच, आणि फँजिओंनी त्याला आतला लाइनबॅकर केलं. त्याच मोसमात तो ऑल-प्रो झाला, म्हणजे लीगच्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीत आला. सुपर बोलमध्ये त्याचंही एक इंटरसेप्शन आहे, २४-० ची आघाडी त्यातूनच आली.

म्हणजे डावपेच कागदावर कुणीही उतरवून घेईल, माणसं कुठून आणणार? नवखे खेळाडू वाटून घेतात त्या ड्राफ्टमध्ये डेव्हिस २०२२चा पहिल्या फेरीतला, कार्टर २०२३चा पहिल्या फेरीतला, क्विन्यॉन मिचेल २०२४चा पहिल्या फेरीतला, डिजीन दुसऱ्या फेरीतला. नवख्यांचे करार स्वस्त असतात तोवर असा संघ परवडतो. त्या सुपर बोलनंतर महिनाभरात मिल्टन विल्यम्सला न्यू इंग्लंडने चार वर्षांसाठी १० कोटी ४० लाख डॉलर दिले, स्वेट ॲरिझोनाला गेला. आमच्याकडे दुखवटा.

एका गोष्टीत मात्र तुमच्याशी असहमत. ‘ब्लिट्झ जुनाट झाला’ असं तुम्ही लिहिलंय, ते नाही पटत. त्याच सामन्यात समोरच्या बाकावर चीफ्सचे डिफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर स्टीव्ह स्पॅगनुओलो होते आणि त्यांची सगळी हयात ब्लिट्झवर गेलीय. दोनच आठवडे आधी, बफेलो बिल्सविरुद्ध ३२-२९ अशी आघाडी, बिल्सला फोर्थ डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात, पाच यार्ड हवेत, मोसम पणाला लागलेला. स्पॅगनुओलोंनी कॉर्नरबॅक ट्रेंट मॅकडफीला कडेने सोडलं. बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश ॲलन मागे हटत हटत कसाबसा चेंडू भिरकावून मोकळा झाला, पास अपुरा राहिला, खेळ खलास. वर्षभरापूर्वी सॅन फ्रान्सिस्कोविरुद्धच्या सुपर बोलमध्ये चौथ्या क्वार्टरच्या अखेरीस त्यांनी याच मॅकडफीला सोडून ब्रॉक पर्डीचा थर्ड डाउनचा पास हवेतच अडवला होता. ब्लिट्झ राखून ठेवून मोक्याच्या क्षणी केला तर आजही माणूस मारतो. तो रोजच्या जेवणात घातला तर वाया जातो. बोल्स यांनी तो तुरळकच वापरला आणि फँजिओ यांनी अजिबात काढला नाही, कारण त्यांना चार जणांत काम होत होतं, एवढंच.

आणि ‘डिफेन्स आता पूर्वीसारखा राहिला नाही’ हा जो सूर इथे अधूनमधून लागतो त्याबद्दल: नियमच तसे आहेत. १९७८मध्ये पाच यार्डांपलीकडे रिसीव्हरला धक्के द्यायची बंदी आली. पिट्सबर्गच्या मेल ब्लाउंटच्या नावाने तो नियम ओळखला जातो, इतकं त्याने रिसीव्हरना जेरीस आणलं होतं. तेव्हापासून आजवर बहुतेक बदल पास टाकणाऱ्याच्या सोयीचेच झालेत. १९८५च्या शिकागो बेअर्ससारखं लाइनवर आठ माणसं आणून क्वार्टरबॅकला झोडपायचं, हे आज चार रिसीव्हर पसरवणाऱ्या संघापुढे केलं तर पहिल्या क्वार्टरमध्येच हसं होईल.

बघायचं कसं, तर सुरुवातीला चेंडू सोडून द्या. प्रत्येक प्लेच्या आधी खोल किती जण आहेत ते मोजा, एक की दोन. स्नॅप झाल्यावर त्यातला कुणी हलतोय का बघा. नंतर नजर डिफेन्सच्या मधल्या दोन टॅकलवर आणा, कडेच्या मंडळींवर नको. कडेने येणाऱ्याला वळसा पडतो, मधून येणारा थेट अंगावर येतो आणि क्वार्टरबॅकला पाऊल पुढे टाकायची जागाच राहत नाही. रॅम्सच्या ॲरन डॉनल्डने सुपर बोल ५६ असाच संपवला, समोरचा क्वार्टरबॅक जो बरो याला गरगर फिरवून. सॅक नव्हता तो, पास अपुरा म्हणून नोंद आहे. शक्य असेल तर ऑल-२२ चित्रण मिळवा, त्यात बाविसाच्या बावीस माणसं दिसतात, पण आधी टीव्हीवरच्या मागून दाखवलेल्या रीप्लेवर सराव करा.

पुण्यात बसून सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल लाइव्ह बघण्याइतका तुमचा उत्साह आहे, तर सुपर बोल ५९चा फक्त पहिला हाफ पुन्हा लावा. आवाज बंद. आणि महोम्सकडे बघायचं नाही. दुसऱ्या क्वार्टरपर्यंत तुम्हाला स्वेट कुठल्या खांद्यावरून येणार ते आधीच कळू लागेल. नाही कळलं तर प्लेची वेळ लिहून इथे टाका, बघू काय होतं त्यात.